अर्धा वन्स मोअर

मामांना नाटक आवडत नसे, आणि गाणं त्याहून नसे. तरी संगीत नाटकाचा प्रयोग असला की नाट्यगृहातली मागच्या खांबाजवळची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. मामा तिथे कामावर असत. काम एका शब्दाचं होतं. बारकाईने पाहिलं तर अर्ध्याच शब्दाचं.

कंपनीचे मुख्य गायक नट राजे यांचं पद संपलं की मामा ‘वन्स’ म्हणत. पुढचं ‘मोअर’ त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नाही. ते प्रेक्षक उच्चारत. “लोकांना अख्खी वस्तू दिली की ते ती उलटीपालटी करून बघतात,” मामा म्हणत. “अर्धी दिली की उरलेली घाईघाईने स्वतः भरतात, आणि मग सगळीच आपली म्हणून मिरवतात.” शेवटचा सूर विरतो, लोक श्वास घेतात, मग टाळीसाठी हात उचलतात. त्या श्वासाच्या आणि हाताच्या मधल्या फटीत ‘वन्स’ बसवायचा. लवकर टाकला तर भाड्याचा वाटतो, उशिरा टाकला तर टाळ्यांत बुडतो. मामांचा कधी बुडला नाही. कधी म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात, कधी कॉलेजातल्या मुलाच्या उतावीळ आवाजात, कधी तोंडाशी रुमाल धरून, जणू भरून आलंय अशा आवाजात ते तो टाकत. मग सगळं नाट्यगृह ‘मोअर’ म्हणून उसळे, राजे संकोचाने मान खाली घालत, आणि ऑर्गनवाला, ज्याने पहिला सूर आधीच बोटाखाली धरून ठेवलेला असे, तो सोडे.

दिवसा मामा बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवत. माणसांबद्दलचं त्यांचं मत तिथेच पक्कं झालं होतं. “बूट चावतोय की नाही, हे ज्यांना दुसऱ्याने सांगावं लागतं,” ते म्हणत, “त्यांना गाणं चांगलं की वाईट हे कुठून कळणार? पाय त्यांचा, बूट त्यांच्या पायात, आणि बघतात माझ्या तोंडाकडे.”

संगीत नाटकाचा सगळा इतिहास मामांना तोंडपाठ होता, आणि तो ते एका दमात सांगत, कारण त्याहून जास्त तोंड वाजवण्याची त्याची लायकी नाही असं त्यांचं मत होतं. आधी नुसतं गाणं होतं. गाणाऱ्याला दम खायला मिळावा म्हणून मधे बोलायला दोन माणसं ठेवली, त्यालाच लोक पुढे नाटक म्हणू लागले. निमित्त आधी देवाचं होतं, मग राजाचं झालं, मग प्रेमाचं, गळा तोच. सुरुवातीला माणसं युद्धावर निघाली तरी आधी गाऊन निघत, आणि गाऊन होईपर्यंत शत्रू विंगेत चहा पीत बसे. मग सिनेमा आला. त्यात तितकीच गाणी, शिवाय बाई खरीच बाई, म्हणून लोक तिकडे पळाले, आणि नाटकवाल्यांनी अर्धी पदं छाटून उरलेल्याला सुधारणा असं नाव दिलं. मग मायक्रोफोन आला आणि ज्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता तोही गायक झाला. पुढे वादकांच्या खड्ड्यावर फळ्या ठोकून त्यावर खुर्च्या मांडल्या. ऑर्गनवाला तेवढा विंगेत उरला, तोही म्हातारा झालाय म्हणून, काढायला कुणाला सुचलं नाही म्हणून.

“आणि या सगळ्यात तू काय केलंस, मामा?” कुणीतरी विचारी.

“मी लोकांना ते आवडलंय असं कळवलं,” मामा सांगत. “नाहीतर त्यांना घरी गेल्यावरसुद्धा कळलं नसतं.”

लोकांना मामा बनवतात म्हणून ते मामा, असं ऑर्गनवाला म्हणे. खरं कारण साधं होतं. राजे हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजेंच्या मुलीचे हे मामा. म्हणून सगळ्या नाटक कंपनीचे मामा. राजेंचं खरं नाव बहिणीलाही आठवावं लागे. जन्मभर राजांच्या भूमिका केल्याने हा माणूस घरातही सिंहासनावरून उतरत नसे. अंघोळीनंतर टॉवेल मागायचा तोसुद्धा खंडणी मागावी तसा. मामा स्वतःचं लग्न होईपर्यंत म्हणून बहिणीकडे राहायला आले, पुढे लग्न जमलं नाही, आणि ते तिथेच राहिले. घरजावई लोकांनी ऐकलेला असतो, हा घरमेहुणा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात त्यांची घडीची खाट. डोक्याशी पोशाखांच्या पेट्या, पायाशी खुंटीला टांगलेला पुठ्ठ्याचा मुकुट. दुकानाचा पगार एकट्याच्या खोलीला पुरण्यासारखा नव्हता, आणि या बोळाचं भाडं म्हणजे तो अर्धा शब्द. तसं कुणी कधी बोललं नाही. पण ज्या संध्याकाळी राजेंना दोनदा वन्स मोअर मिळे त्या दिवशी मामांच्या ताटात गरम पडे, आणि एखादं पद कोरडं गेलं की राजे दाराशी चपला अशा काढत की बोळातली पत्र्याची बादली वाजे.

ताटाखालचं मांजर व्हायचं तर निदान ताट चांगलं असावं, एवढाच मामांचा हिशोब होता. राजेंना हरभऱ्याच्या झाडावर त्यांनीच चढवून बसवलं होतं आणि आता खालून पाहताना मामांना त्यांच्याबद्दल मनापासून तुच्छता वाटे. राजेंचा आवाज कधीचाच फाटला होता. वरच्या सुराशी आले की ते डोळे मिटून हात पसरत, म्हणजे लोकांनी हात बघावेत आणि सूर सोडून द्यावा. लोक सोडून देत.

घरात एकाच माणसाबद्दल मामांना तुच्छता जमत नसे. भाची न्हाणीघरात गाऊ लागली की खाटेची घडी घालता घालता मामांचे हात थांबत. हे लक्षात आलं की ते स्वतःवर चिडत आणि खाट मुद्दाम आपटून बंद करत. “मामा, जरा हळू,” ती आतून म्हणे. “तू जरा हळू,” ते म्हणत.

मग तो चष्मेवाला आला. तरुण दिग्दर्शक, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. त्याला नव्या प्रकारचं संगीत नाटक करायचं होतं. कंपनीला बोलावून त्याने व्याख्यान दिलं की आजवर गाणं हा नाटकातला खोळंबा होता, त्याच्या नाटकात गाणं हे कथेचं पाऊल असेल. माणूस बोलून जिथे पोचतो तिथून पुढे गाण्यानेच जाईल.

“म्हणून आपल्याकडे वन्स मोअर नाही,” तो म्हणाला. “टाकलेलं पाऊल पुन्हा कसं टाकणार?”

मामा मागे भिंतीला टेकून ऐकत होते. हा माणूस त्यांची भाकरी काढून घेत होता, पण त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. म्हणणं बरोबर होतं. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाचं म्हणणं बरोबर असावं, याइतकं चीड आणणारं दुसरं काही नाही.

नाटक एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं आणि त्याच्या मुलीचं होतं. मुलीला शहर सोडून जायचं असतं, वेशीचं दार बंद असतं. बाप तिच्यासाठी दार उघडतो आणि त्यापायी वार झेलून मरतो. मरताना तो गातो, आणि त्याच्या शेवटच्या ओळीतून, जराही फट न ठेवता, मुलगी तेच गाणं उचलते आणि गात गात दाराबाहेर जाते. बापाच्या तोंडचं गाणं मुलीच्या तोंडात गेलं पाहिजे. सगळं नाटक त्या एका जागेवर उभं होतं. मुलगी भाची होती. बाप राजे होते. राजेंना घेतलं होतं ते जुने प्रेक्षक तिकिटं काढतील म्हणून. भाचीला मात्र चष्मेवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं: पहिल्या प्रयोगाला तुझं गाणं उभं राहिलं तर काम तुझं. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. ती दुसरी मुलगी तालमीला येऊन पहिल्या रांगेत बसे. तिला गाता येत नव्हतं, पण नाक सरळ होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी राजे गुळण्या करत असताना त्यांनी मामांना आरशातूनच हाक मारली.

“मरणाच्या पदाला विसरू नकोस.”

“दारावर पाटी लावलीय, दाजी. वन्स मोअर देऊ नये म्हणून.”

“पाटी प्रेक्षकांसाठी आहे. तू कुठला प्रेक्षक?” राजेंनी एक गुळणी केली. “मी शेवटचा सूर सोडेन, पोरीचा हात घट्ट धरून ठेवेन, म्हणजे ती घाई करणार नाही. तेवढ्यात तू टाक.”

“पण मग तिचं गाणं—”

“तिचं मग होईलच की. पळून जातंय?” त्यांनी तोंड पुसलं. “माझं पद कोरडं गेलं असं आजवर झालंय का? आणि झालं, तर या घरात तुझं काय काम, ते तूच सांग.”

मामा बोळात आले तर भाची खाटेवर बसलेली.

“बाबांनी काय सांगितलं?”

“नीट गा म्हणाले.”

“खोटं नको बोलूस, मामा, तुला जमत नाही. तुला फक्त लोकांशी जमतं.” ती खाटेच्या पट्ट्या ओढत बसली. “तू ते टाकलंस तर बाबा उठतील. मेलेला माणूस उठून सगळं पद परत म्हणेल. लोक हसतील नाहीतर टाळ्या वाजवतील, दोन्ही सारखंच. मग मी कुठून सुरुवात करायची?”

“मी काही बोललोय का?”

“बोलू नकोस एवढंच म्हणतेय.”

बहीण स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती दाराशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “दोघांचं मन राख रे. बारीक आवाजात टाक. ह्यांना ऐकू जाईल, लोकांना नाही.”

“ताई, तू बत्तीस वर्षं ह्यांच्याशी संसार असाच केलास का?” मामांनी विचारलं.

“नाहीतर कसा केला?” ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. जुने लोक राजेंसाठी आले होते, नवे लोक नवं काहीतरी आहे असं कळलं म्हणून आले होते, आणि दोन्ही जातीचे लोक पडदा वर जाईपर्यंत एकमेकांचे कपडे पाहत होते. मामा खांबाशी बसले. त्यांनी रुमालही आणला होता. काय करायचं हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. ठरवायची सवय नसलेल्या माणसाचं जसं असतं तसं, वेळ आली की गळाच काय ते बघेल, असं ते धरून चालले होते.

ती वेळ आली. राजेंनी वार झेलला, पायऱ्यांवर नीट जागा पाहून कोसळले, आणि मरायला लागले. मरायला त्यांनी बराच वेळ घेतला. वरच्या सुराला हात पसरता येईना, कारण एक हात छातीवरच्या जखमेवर आणि दुसऱ्यात मुलीचं मनगट. म्हणून सूर जसा होता तसा सगळ्यांना ऐकू आला. तरी ते कसेबसे शेवटाला पोचले. सूर विरला. मान कलली.

लोकांनी श्वास घेतला.

मामांचं तोंड उघडलं होतं. ‘व’ ओठांवर येऊन बसला होता. समोर भाची बापावर वाकलेली, मनगट त्याच्या मुठीत, आणि गळ्याची शीर ताणलेली. न्हाणीघरातली ती पोरगी तिथे श्वास रोखून बसली होती. मामांनी मूग गिळले. खरंच गिळल्यासारखा त्यांचा कंठ वरखाली झाला आणि तोंड मिटलं.

फट उघडीच राहिली. एरवी तिच्यात काही पडायचं. आज काहीच पडलं नाही, आणि हात उचलावेत की नाही हे न कळून लोक तसेच थांबले. कुणाला सांगणारं कुणी नव्हतं. कुठेतरी एक खुर्ची करकरली.

आणि राजे उठले.

वन्स मोअर आला नव्हता. पण त्यांच्या कानांना तो त्या जागी ऐकू यायची इतकी वर्षांची सवय होती, की न आलेलाही आला. ते कोपरावर टेकून अर्धे उठले, घसा साफ केला आणि सरळ खांबाकडे पाहिलं. विंगेत ऑर्गनवाल्याचंही बोट सवयीने दबलं आणि पदाचा पहिला सूर घुमला. त्या दोघा बिचाऱ्या म्हाताऱ्यांचा इलाज नव्हता.

भाचीने मोकळ्या हाताचा तळवा बापाच्या छातीवर ठेवला आणि, गच्च भरलेल्या पेटीचं झाकण दाबावं तसं, त्यांना खाली दाबलं. दाबता दाबताच तिने ऑर्गनचा तो सूर उचलला. राजेंनी एकदा जोर करून पाहिला. मग त्यांचं डोकं पायरीवर टेकलं. ती गात होती. मनगट सोडवून घेतलं, उभी राहिली, वेशीच्या दाराकडे चालू लागली, आणि ज्या ओळीवर बापाला हात पसरता आले नव्हते त्या ओळीवर तिचा आवाज काही न पसरता सरळ वर गेला. मामा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. रुमाल खाली पडला होता.

वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं की मरणाऱ्या पित्याचं ते क्षणभर उठणं आणि मुलीने त्याला मायेने पुन्हा निजवणं हा नव्या संगीत नाटकाचा परमोच्च बिंदू होय. चष्मेवाल्याने ते उठणं संहितेत घातलं. राजे भेटेल त्याला सांगू लागले की ते आपल्याला तालमीतच सुचलं होतं. भाचीचं काम पक्कं झालं. सरळ नाकाची मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली आणि तिथे नावारूपाला आली.

घरात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंनी मामांना समोर बसवलं.

“काल कुठे होतास?”

“खांबाशी.”

“मग?”

“गप्प होतो.”

“का?”

“पोरगी गाणार होती.”

“आणि मी काय करत होतो?”

“तुम्ही मेला होतात, दाजी.”

राजेंनी बोळाकडे बोट दाखवलं. सिंहासनावरून दिलेल्या आज्ञांपैकी ही एकच कुणीतरी ताबडतोब पाळली. मामांनी खाट बंद केली, दोन कपडे पिशवीत घातले. बहिणीने डबा भरून दिला आणि ह्यांचा राग ओसरेल म्हणाली. तो ओसरला नाही. बुटांच्या दुकानाच्या माळ्यावर, खोक्यांच्या भिंतींमध्ये, मालकाने झोपू दिलं. तिथे कातड्याचा वास येई आणि कुणी गात नसे. गात नसे हेच मामांना जड जाई, पण हे ते कुणाला सांगणार?

काही दिवसांनी चष्मेवाला दुकानात आला. बूट बघितल्यासारखं करून त्याने आवाज उतरवला.

“मामा, नाटक चांगलं चाललंय. पण शेवटी लोक नुसतेच बसून टाळ्या वाजवतात. आता सगळीकडे लोक उभे राहतात. कुणीतरी आधी उभं राहिलं की बाकीचे राहतात.”

“म्हणजे आजवर बसून मागत होतो, ते आता उभं राहून मागायचं.”

“तसं नव्हे. ही दाद आहे.”

“मुलीला ठाऊक आहे?”

“नाही. तिला कशाला? ती खरी समजेल, तेच बरं.”

मामांनी त्याच्या पायात घातलेला बूट ओढून काढला. “हा तुम्हाला चावतोय,” ते म्हणाले. चष्मेवाल्याने पायाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बूट अगदी बरोबर बसत होता.

तरी पुढच्या प्रयोगाला मामा गेले, तिकीट काढून. भाची गायली. पडदा पडून पुन्हा वर गेला, लोक बसल्या बसल्या टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईंची चप्पल खुर्चीखाली सरकली होती म्हणून त्या उठल्या. त्या उठल्या हे पाहून शेजारचे उठले, शेजाऱ्यांना पाहून मागची रांग, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह उभं राहिलं. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. बाई वाकून चप्पल शोधत होत्या. मामा बसून राहिले. पुढे माणसांच्या पाठींची भिंत उभी राहिली आणि त्यांना रंगमंच दिसेना.

दुसऱ्या दिवशी भाची दुकानात आली. मामा एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसले होते.

“काल सगळे उभे राहिले, मामा.”

“पाहिलं.”

“तू?”

“मी बसलो होतो.”

“का? वाईट झालं?”

“तिसऱ्या ओळीत श्वास चोरलास. दमलेली होतीस, म्हणून शब्द मधेच तोडलास. कुणाला कळलं नाही.”

“तुला कळलं.”

“माझं काय ऐकतेस? एवढे लोक उभे राहिले.”

तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. “कुठे तोडला? म्हणून दाखव.”

मामा आयुष्यात कधी गायले नव्हते. त्यांनी हातातला बूट गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवला, खोक्यांकडे तोंड केलं आणि ती ओळ म्हटली. आवाज भयंकर होता. एका पायात नवा बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत ते गिऱ्हाईक ऐकत राहिलं.

“हे मी असं गायले?” भाचीने विचारलं.

“सूर माझा वाईट आहे, तो सोड. श्वास कुठे घेतो तेवढंच बघ.”

ती पुढे वाकली आणि बघू लागली.